एम.ए. मानसशास्त्रानंतर दारावर पाटी लावण्याआधी: कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी नोंदणी आणि प्रशिक्षणाची वाट

दरवर्षी निकाल लागले की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. "मॅडम, एम.ए. झालं की क्लिनिक काढता येतं ना?" गडहिंग्लजची मुलगी विचारते, इचलकरंजीचा मुलगा विचारतो, कधी वडीलच विचारतात, कारण गाळा बघून ठेवलेला असतो. उत्तर आधीच देते. एम.ए. ही विषयाची पदवी आहे. तिच्यावर माणसांच्या आजाराचं निदान करण्याचा आणि 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करण्याचा अधिकार मिळत नाही. तो अधिकार वेगळ्या प्रशिक्षणातून आणि वेगळ्या नोंदणीतून येतो. हे बारावीनंतर कळलं तर वाट नीट आखता येते. एम.ए.च्या शेवटच्या सत्रात कळलं तर पोरांची दोन-तीन वर्षं हातची जातात, आणि तेच मला खुपतं.

आधी कोण काय करतं ते ओळखा

सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. हे एम.बी.बी.एस. करून पुढे मानसोपचारात एम.डी. किंवा तत्सम पदवी घेतलेले डॉक्टर. औषध लिहिण्याचा अधिकार त्यांचा. मानसशास्त्राच्या कुठल्याही पदवीने, पीएच.डी.नेसुद्धा, तो मिळत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसिक आजारांचं मूल्यमापन करतो, चाचण्या घेतो, सायकोथेरपी म्हणजे संवादातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आपण सगळे जिला आरसीआय म्हणतो तिच्याकडे, असते. रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्टही आरसीआयच्याच यादीत येतो. त्याचं काम मुख्यतः दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या पुनर्वसनाशी जोडलेलं असतं.

समुपदेशक किंवा कौन्सेलर हा शब्द सगळ्यात सैल वापरला जातो. शाळेत, कुटुंब न्यायालयात, व्यसनमुक्ती केंद्रात, एचआयव्ही तपासणी केंद्रात कौन्सेलर असतात आणि त्यांचं काम मोलाचं आहे. पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं काम आणि त्यांचं काम एक नाही.

नेट-सेटचं एका वाक्यात सांगते, कारण गोंधळ फार आहे: ती महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता आहे, पेशंट बघण्याशी तिचा संबंध नाही.

बी.ए.ची वर्षं

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत बी.ए.ला मानसशास्त्र घेता येतं, आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची बरीच मुलं तिथूनच सुरुवात करतात. या वर्षांत दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, संख्याशास्त्र. मुलं त्याला घाबरून टाळतात आणि पुढच्या प्रवेश परीक्षांत नेमकी तिथेच अडतात. दुसरी, इंग्रजी वाचन. मराठी माध्यमातून शिकलात यात कमीपणा काही नाही, पण पुढची जवळजवळ सगळी पाठ्यपुस्तकं, निदानाचे निकष आणि प्रवेश परीक्षा इंग्रजीत आहेत. रोज दोन पानं समजून वाचली तरी तीन वर्षांत मोठा फरक पडतो.

सुट्टीत जमेल तिथे माणसांत जा. १९८४ पासून काम करणारी हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था कोल्हापुरातच आहे. मतिमंद मुलांच्या विशेष शाळा जिल्ह्यात आहेत, वृद्धाश्रम आहेत. या टप्प्यावर तिथे 'थेरपी' द्यायला जायचं नाही. मुलांना जेवू घालायचं, त्यांच्याबरोबर खेळायचं, आयांच्या शेजारी बसून ऐकायचं. आपल्याला हे काम झेपतं का, याचा अंदाज वर्गात येत नाही, तिथे येतो.

एम.ए. कुठून आणि कसं करायचं

इथे अलीकडे मोठा बदल झाला आहे आणि खेड्यापाड्यांतल्या विद्यार्थ्यांना तो अजून नीट पोचलेला नाही. नोकरी किंवा शेती सांभाळून दूरशिक्षणातून एम.ए. मानसशास्त्र करणारे आपल्याकडे खूप होते. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला बंदी घातली आहे. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात मानसशास्त्राचा समावेश आहे, म्हणून हा निर्णय झाला. तेव्हा "घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, प्रवेश सुरू" अशी जाहिरात आता दिसली तर पैसे भरू नका. आधी यूजीसीच्या संकेतस्थळावर खात्री करा.

एम.ए.ला शक्यतो क्लिनिकल किंवा कौन्सेलिंग हा विशेष विषय घ्या आणि गुण ५५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. एम.ए.नंतरच्या दोन वर्षांच्या आरसीआयमान्य एम.फिल.च्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला ही अट राहिली आहे, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. चौपन्न टक्क्यांवर अडलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. एका पेपरातल्या थोड्या आळसाची किंमत एवढी मोठी असू नये.

आरसीआय: इथे थांबून नीट वाचा

भारतीय पुनर्वास परिषद कायदा १९९२ चा. या कायद्याखाली परिषद पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांचे अभ्यासक्रम ठरवते, संस्थांना मान्यता देते आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवही चालवते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा तिच्या यादीतला एक व्यवसाय. कायद्याचं कलम १३ प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतः वाचावं. मान्य पात्रता आणि नोंदणी नसलेल्या माणसाला त्या व्यवसायाचं सरकारी पद धरता येत नाही, भारतात कुठेही तो व्यवसाय करता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम छोटी वाटते, पण कैदेची तरतूद छोटी नाही.

मग पात्रता कोणती? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याच दिली आहे. एक तर आरसीआयमान्य संस्थेची क्लिनिकल सायकॉलॉजीमधली मान्य पात्रता हवी. नाहीतर मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणासह पूर्णवेळ दोन वर्षांचं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. हवं. त्यातले 'पूर्णवेळ' आणि 'देखरेखीखाली' हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवा. त्यामुळेच शनिवार-रविवारचं सर्टिफिकेट कितीही सुबक छापलेलं असलं तरी इथे उपयोगाचं नाही.

गेली अनेक वर्षं एम.ए. अधिक एम.फिल. हीच सरळ वाट होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने एम.फिल. पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना मात्र जानेवारी २०२४ मध्ये २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून दिली. ज्यांचं एम.फिल. रीतसर झालं आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही. जे आत्ता बी.ए. किंवा एम.ए.ला आहेत त्यांनी मात्र "ताई एम.फिल. झाली, मीही तेच करतो" असं गृहीत धरू नये. आरसीआयच्या पुढच्या रचनेत कोणत्या पदवीने नोंदणी मिळते, हे प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या परिपत्रकातच वाचावं. सिनियरने दोन वर्षांपूर्वी दिलेली माहिती त्याच्या वर्षी बरोबर होती.

आता प्रत्यक्ष करायचं काय? प्रवेश घेण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावर राज्यवार मान्य संस्थांची यादी उघडा. संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि जागा किती, या चार गोष्टी तपासा. विद्यापीठ नामांकित आहे म्हणून त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम आरसीआयमान्य असतो असं नाही. 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' हे नाव तर परिषदेची मान्यता नसलेल्या पदव्यांनाही असतं. प्रवेशकक्षात विचारलं की "हो हो, मान्यता आहे" असं तोंडी उत्तर मिळतं. मान्यतेचं पत्र दाखवा म्हणायला लाजू नका. पत्र दाखवायला टाळाटाळ होत असेल तर फी भरायची घाई करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजीचा एक वर्षाचा प्रोफेशनल डिप्लोमाही आरसीआयने चालवला आहे, पण त्याने मिळणारी नोंदणी 'असोसिएट' म्हणून असते. ती पूर्ण नोंदणीच्या बरोबरीची समजू नका.

जागा फार थोड्या असतात. एका संस्थेत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, क्वचित थोड्या जास्त. बंगळुरूचं निम्हान्स आणि १९१८ सालचं रांचीचं सीआयपी ही मानसिक आरोग्याच्या उपचार-प्रशिक्षणाची जुनी, मोठी केंद्रं. तिथे देशभरातून अर्ज येतात. म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करून वाट बघत बसू नका, आणि पहिल्या वर्षी नंबर लागला नाही तर खचूही नका. मधल्या वर्षात एखाद्या मानसोपचार विभागात किंवा विशेष शाळेत देखरेखीखाली काम करा. पुढच्या मुलाखतीत त्याचा उपयोग होतो.

कागदपत्रं, जिथे आपली मुलं अडतात

केंद्रीय संस्थांत राज्याचा एसईबीसी दाखला चालत नाही. ओबीसींसाठीही केंद्र सरकारच्या नमुन्यातला नॉन-क्रिमिलेअर दाखला लागतो, महाविद्यालयासाठी काढलेला राज्याच्या नमुन्यातला पुरत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या आर्थिक वर्षाचा लागतो. तहसील कार्यालयाच्या सेतू केंद्रात अर्ज करताना 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांगा, आणि जाहिरात येण्याची वाट न बघता करा.

नावाचंही बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, लग्नानंतर तिसरंच. नोंदणीच्या वेळी हे सगळं एकाच व्यक्तीचं आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. मुलींना याचा त्रास जास्त होतो. राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र जे लागेल ते वेळेत करून ठेवा.

प्रशिक्षणात काय असतं

दोन वर्षांच्या एम.फिल.मध्ये व्याख्यानांपेक्षा वॉर्ड आणि ओपीडी जास्त असते. पहिल्या वर्षी मनोविकृतीचा मनोसामाजिक पाया, मानसोपचारशास्त्र, संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती, शिवाय पाच सविस्तर सायकोडायग्नोस्टिक (मानसिक तपासणी-निदानाचे) अहवाल. दुसऱ्या वर्षी वर्तनाचा जैविक पाया, सायकोथेरपी, बिहेवियरल मेडिसिन, पाच थेरपीच्या नोंदी आणि प्रबंध. प्रत्येक केस गाइडसमोर मांडायची. तुम्ही काय विचारलंत, का विचारलंत, काय विचारायचं राहिलं, हे सगळ्यांसमोर उलगडलं जातं. पहिल्या काही महिन्यांत मुलं रडकुंडीला येतात. पण देखरेख म्हणजे हेच, आणि ती घेतल्याशिवाय कुणाच्या दुःखात हात घालू नये असं मला मनापासून वाटतं.

चाचण्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागाचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड भाषिक मुलांसाठी प्रमाणित केली, आणि ती आजही वापरात आहे. चंदगड किंवा निपाणी पट्ट्यातलं मूल घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलत असेल तर चाचणी कोणत्या भाषेत घ्यायची, इथपासून विचार करावा लागतो. आकडा काढणं कुणीही शिकेल. मूल घाबरलेलं आहे का, त्याला ऐकू नीट येतं का, सकाळपासून उपाशी आहे का, हे ध्यानात घेऊन त्या आकड्याचा अर्थ लावणं हे प्रशिक्षण. अंगठ्याच्या आणि बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणारी डीएमआयटी शहरात जोरात चालते. तिला शास्त्रीय आधार नाही. विद्यार्थीदशेत कमाईसाठीसुद्धा तिच्या वाटेला जाऊ नका.

भाषेची तयारीही इथेच होते. आपल्याकडचा पेशंट "मला डिप्रेशन आहे" म्हणत नाही. "डोकं बधिर झालंय", "कशातच जीव लागत नाही", "छातीत धडधडतंय" असं म्हणतो. पुष्कळजण आधी नरसोबाच्या वाडीला जाऊन मग दवाखान्यात येतात. त्यांना हसायचं नाही, दटावायचं नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शिरोळ, चिखली, आंबेवाडीच्या लोकांना पावसाचा आवाज आला की झोप लागत नसे. अशा माणसाशी पुस्तकातल्या शब्दांत बोलून भागत नाही.

नोंदणी

पदवी मिळाली की आरसीआयच्या संकेतस्थळावरून नोंदवहीसाठी अर्ज करायचा. नोंदणी क्रमांक येईपर्यंत स्वतंत्र काम सुरू करू नका. नोंदणी कायमची नसते, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी आरसीआयमान्य सीआरई, म्हणजे काम करता करता शिकत राहण्याच्या, कार्यशाळांचे गुण लागतात. पहिल्या वर्षापासून प्रमाणपत्रं एका फायलीत लावत जा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही नोंद होते, ती विसरू नका.

ज्यांना समुपदेशनातच राहायचं आहे

सगळ्यांनी क्लिनिकलच करावं असं मुळीच नाही. शाळा, बालगृहं, कुटुंब न्यायालय, सखी केंद्र, एचआयव्ही समुपदेशन, व्यसनमुक्ती, कंपन्यांतलं मनुष्यबळ, इथे चांगल्या एम.ए. झालेल्या मुलामुलींची गरज मोठी आहे. जाहिरातीत 'आरसीआय नोंदणी आवश्यक' आहे की नाही ते आधी वाचा. मग अर्ज करा.

२०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक 'वर्तन आरोग्य विज्ञान' या गटात घेतले आहेत. म्हणजे समुपदेशकांचंही नियमन आणि नोंदवही या दिशेने गोष्टी चालल्या आहेत. म्हणून आत्तापासून पुरावे जपा: अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत, प्रात्यक्षिकांचे तास, देखरेख करणाऱ्याचं नाव, पात्रता आणि सही, कामाच्या अनुभवाची पत्रं. पाच वर्षांनी जुन्या संस्थेत पत्र मागायला गेलात तर ओळखणारं कुणी नसतं.

पाटीवर काय लिहायचं

एम.ए. असाल तर नाव, पदवी आणि 'समुपदेशक' एवढंच. पीएच.डी. असेल तर 'डॉ.' लिहिणं तुमचा हक्क आहे, पण शेजारी 'मानसशास्त्रात पीएच.डी.' असं स्पष्ट लिहा, म्हणजे औषधाच्या अपेक्षेने आलेला माणूस फसणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०६ आपल्या क्षेत्राबाहेरचं औषध किंवा उपचार सुचवायला मनाई करतं. "झोपेची अर्धी गोळी घेऊन बघा" हे वाक्य तोंडातून जाता कामा नये.

प्रमाणपत्रांबाबतही सावध राहा. दहावी-बारावीच्या सवलतीसाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र शासनाने नेमलेल्या रुग्णालयांतून मिळतं. पालक कितीही गळ घालोत, लेटरहेडवर तसं लिहून देऊ नका. त्यांना योग्य जागी पाठवा.

गोपनीयता पाळायचीच, कायदाही तेच सांगतो. पण मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे आधी स्वतःला आणि मग पहिल्याच भेटीत समोरच्याला सांगून ठेवायचं असतं. गाव छोटं आहे, पेशंटची आत्या तुमच्या आईच्या भिशीत असू शकते. घरी जेवताना केसबद्दल, नाव न घेतासुद्धा, बोलायचं नाही.

परदेशाचा विचार असेल तर

थोडक्यात सांगते. भारतातली नोंदणी तिकडे आपोआप चालत नाही. अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्याचं मंडळ देतं. साधारणपणे पीएच.डी. किंवा साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट), देखरेखीखालचे तास आणि ईपीपीपी ही परीक्षा लागते. ब्रिटनमध्ये २००९ पासून एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असते आणि 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव नोंदणीशिवाय लावता येत नाही. ज्या देशात काम करायचं आहे त्याचे नियम आधी वाचा, मग पदवी निवडा.

आधीच काम सुरू केलं असेल तर

एम.ए.वर समुपदेशन करणारे बरेच जण हे वाचत असतील. काम बंद करा असं मी म्हणत नाही. पाटी, व्हिजिटिंग कार्ड आणि फेसबुक पेजवर 'क्लिनिकल', 'थेरपी', 'उपचार' हे शब्द असतील तर आजच काढा. महिन्यातून निदान दोनदा तरी नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसमोर आपल्या केस मांडा, त्याचे पैसे द्या आणि त्या तासांची नोंद ठेवा. आणि टेबलाच्या काचेखाली एक कागद ठेवा: कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीचे वार, तुमच्या तालुक्याजवळचे मानसोपचारतज्ज्ञ, रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. भास होणारा, जेवण सोडलेला, जीव द्यायचं बोलणारा माणूस समोर आला तर त्याला पुढच्या आठवड्याची वेळ द्यायची नाही. जीव द्यायचा विचार आहे का, कसा, साधन हाताशी आहे का, हे सरळ विचारायचं. नातेवाइकाला आत बोलवायचं, घरातलं तणनाशक आणि गोळ्या कुलपात ठेवायला सांगायचं, आणि तो माणूस त्याच दिवशी डॉक्टरांसमोर पोचला का, हे संध्याकाळी फोन करून विचारायचं.